हे भोक पाडलं कुणी?

शॉपिंग अ‍ॅपच्या सर्चमध्ये 'पंक' असं टाइप करून पाहा. कवटीचं चित्र असलेले काळे टी-शर्ट येतील, टोकदार खिळ्यांचे पट्टे येतील, साखळ्या लटकवलेल्या पँटी येतील आणि गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स तर पानंच्या पानं भरून येतील. त्यातल्या एका जीन्सचा फोटो झूम करा. ३२ कमरेच्या जीन्सला उजव्या गुडघ्यावर जिथे भोक आहे, तिथेच ३४ ला आहे आणि ३६ लाही आहे. निळे उभे धागे कापलेत, पांढरे आडवे धागे शिस्तीत तसेच ठेवलेत. भोक फोटोत दाखवल्यापेक्षा मोठं निघालं तर सात दिवसांत परत करायची सोयसुद्धा आहे.

हे पाहिल्यावर आपल्या तोंडून एक ठरलेलं वाक्य निघतं. पंक एकेकाळी खरं होतं, मग बाजाराने ते गिळलं. ही गोष्ट सांगायला सोपी आहे. तिच्यात एक निरागस सुरुवात आहे, एक खलनायक आहे आणि शेवटी हळहळ आहे. हिपहॉपबद्दल, चे गव्हेराच्या टी-शर्टबद्दल, कशाहीबद्दल हीच गोष्ट सांगता येते. पंकच्या बाबतीत मात्र ती घडलेल्या गोष्टींशी जुळत नाही. पंक फॅशन पहिल्या दिवसापासून विकायला ठेवलेली होती, आणि तरीही तिच्यात बंड होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, हा माझ्या मते जास्त कामाचा प्रश्न आहे. तो सोडवायला 'हे खरं की विकलेलं' ही फूटपट्टी उपयोगाची नाही. त्याऐवजी मी दोन साधे प्रश्न वापरतो. हे भोक पाडलं कुणी? आणि त्याची किंमत मोजली कुणी?

बंडाचं दुकान

लंडनच्या चेल्सी भागात किंग्ज रोड नावाचा रस्ता आहे. तिथल्या ४३० नंबरच्या गाळ्यात १९७१ मध्ये व्हिविएन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरेन या जोडीने दुकान थाटलं. वेस्टवुड आधी प्राथमिक शाळेत शिकवायची. मॅक्लॅरेन आर्ट स्कूलमधून आलेला, बोलघेवडा, लोकांना डिवचण्यात आनंद मानणारा माणूस. दुकानाचं नाव दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं. आधी 'लेट इट रॉक', मग 'टू फास्ट टु लिव्ह टू यंग टु डाय', १९७४ मध्ये मोठ्या गुलाबी रबरी अक्षरांत नुसतं 'सेक्स', आणि १९७६ च्या अखेरीस 'सेडिशनरीज', म्हणजे राजद्रोही. बंद खोलीत वापरायचे रबरी आणि चामड्याचे कपडे हे दुकान भर रस्त्यावर घालायला विकायचं. १९७५ मध्ये इथला एक टी-शर्ट घालून फिरणाऱ्याला पोलिसांनी पकडलं आणि दुकानावरही खटला झाला.

त्याच वर्षी मॅक्लॅरेन न्यूयॉर्कहून परतला. तिथे त्याने रिचर्ड हेल नावाचा संगीतकार पाहिला होता. ताठ उभे राहिलेले आखूड केस, फाटलेला टी-शर्ट, फाटलेलं जोडायला पिना. हे रूप डोक्यात घेऊन तो आला आणि दुकानात घुटमळणाऱ्या पोरांचा एक बँड उभा करायच्या मागे लागला. त्यातला ग्लेन मॅटलॉक शनिवारी याच दुकानात काम करायचा. गायक म्हणून सापडला तो जॉन लायडन, उत्तर लंडनमधल्या आयरिश कामगार घरातला मुलगा. त्याच्या अंगात पिंक फ्लॉइडचा छापील टी-शर्ट होता आणि बँडच्या नावावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की मला यांचा तिटकारा आहे. बँडच्या नावात दुकानाचं नाव आलं: सेक्स पिस्टल्स. बँड ही दुकानाची चालतीबोलती जाहिरात आहे, हे मॅक्लॅरेनने लपवायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

म्हणजे बाजार नंतर आला हे खरं नाही. बाजार पाळण्याच्या दोऱ्या धरून उभा होता.

पण दुकानाबाहेर काय चाललं होतं तेही पाहायला हवं. १९७६ मध्ये ब्रिटनने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी हात पसरला. बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. सोळाव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलांना जी कारखान्यातली नोकरी त्यांच्या बापांना आपोआप मिळाली होती, ती आता मिळणार नव्हती. वेस्टवुडच्या दुकानातली पट्टे-चेनवाली पँट या मुलांच्या आवाक्यातली नव्हती. मग त्यांनी ती घरी केली. शाळेचा जुना ब्लेझर, बापाचा शर्ट, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, कुत्र्याचा पट्टा, बाथरूममधली साखळी, आईच्या शिवणाच्या डब्यातल्या पिना. दुकानातला माल पाहून घरी केलेली ही नक्कल मूळ मालापेक्षा जास्त महत्त्वाची ठरली, कारण ती कुणालाही करता येत होती.

उलटी शिवण

सेफ्टी पिनचंच पाहा. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि ते ४०० डॉलरला विकून टाकलं. तेव्हापासून या वस्तूचं काम एकच: जोडायचं आणि दिसायचं नाही. आपल्या घरात तर हे वेगळं सांगायला नको. साडीच्या खांद्यावरची पिन नीट लागली आहे याची खूण म्हणजे ती कुणाला दिसत नाही. जादाच्या दोन-चार बांगडीत अडकवलेल्या असतात, त्या अडीनडीला. पिन बाहेर दिसली तर काहीतरी उसवलंय, घाईत लावलंय, असा अर्थ होतो.

पंकने ती पिन बाहेर काढली. उसवलेलं झाकायचं नाही, ते मुद्दाम दाखवायचं. शिवण उलटी, दोरे लोंबते, झिप चुकीच्या जागी. ज्या गोष्टींवरून कपडा 'गरिबाचा' ठरतो, त्याच सगळ्यात पुढे. डिक हेब्डिज या ब्रिटिश अभ्यासकाने १९७९ मध्ये 'सबकल्चर: द मीनिंग ऑफ स्टाइल' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्याने लेवी-स्ट्रॉसकडून 'ब्रिकोलाज' हा शब्द उचलला: हाताशी असलेल्या वस्तू त्यांच्या ठरलेल्या जागेवरून उचलून भलत्याच जागी मांडणं आणि त्यातून नवा अर्थ तयार करणं. आपण मराठीत याला चटकन जुगाड म्हणू, पण फरक आहे. जुगाडात काम भागणं महत्त्वाचं, अर्थ गेला उडत. मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारा पंप शेजाऱ्याला डिवचण्यासाठी बसवलेला नसतो. पंकची पिन मात्र समोरच्याच्या डोळ्यात खुपावी म्हणूनच लावलेली होती.

हेब्डिजचं पुस्तक मला आवडतं, पण त्यात कपडा हा मुख्यतः वाचायचा मजकूर आहे. कोणत्या खुणेचा काय अर्थ, कोणत्या खुणेने कोणती खूण उलटवली. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला त्याच कपड्यात आणखी एक गोष्ट दिसते. ब्राउझरमध्ये कोणत्याही वेबपेजवर राइट क्लिक करून 'व्ह्यू सोर्स' म्हटलं की ते पान कसं बनलंय ते समोर येतं. माझ्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण वेबसाइट करायला असेच शिकले, दुसऱ्याच्या पानाचा सोर्स उघडून. पंकचा कपडा हा सोर्स उघडा ठेवलेला कपडा होता. पाहणाऱ्याला तो कसा केला हे तिथल्या तिथे कळायचं. ब्लेडने फाडला, पिनने जोडला, स्टेन्सिलने अक्षरं उमटवली. सूट पाहून कुणी शिंपीकाम शिकत नाही. पंकचं जाकीट पाहून मात्र घरी जाऊन आपलं जाकीट करायला बसता यायचं.

हीच पद्धत कपड्यांच्या बाहेरही होती. जुलै १९७६ मध्ये मार्क पेरी नावाच्या तरुणाने 'स्निफिन् ग्लू' हे मासिक काढलं. टाइपरायटर, स्केच पेन, झेरॉक्स आणि कडेला स्टेपलर. खाडाखोड झाली तर ती तशीच. जेमी रीडने सेक्स पिस्टल्सच्या रेकॉर्डची कव्हरं वर्तमानपत्रातली अक्षरं कापून केली, खंडणीच्या चिठ्ठीसारखी. कात्री आणि डिंक असेल त्याला ते जमण्यासारखं होतं.

या सगळ्यात मला सगळ्यात पटणारी व्यक्ती म्हणजे पॉली स्टायरीन. खरं नाव मॅरिएन इलियट-सैद, वडील सोमाली, आई ब्रिटिश. तिने आपलं नावच प्लास्टिकवरून घेतलं. एक्स-रे स्पेक्स या तिच्या बँडचं पहिलं गाणं १९७७ मध्ये आलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. दातांना ब्रेसेस आणि अंगात भडक फ्लोरोसंट रंगाचे, जुन्या बाजारात शोभतील असे कपडे. रॉक गाणाऱ्या बाईने एक तर मादक दिसावं नाहीतर दुःखी, असा अलिखित नियम होता. ती यातलं काहीच दिसली नाही. तिची गाणी सुपरमार्केट, जाहिराती आणि प्लास्टिकच्या वस्तूंनी भरलेली होती. बाजाराबाहेर उभं राहून तिने बाजाराला शिव्या घातल्या नाहीत. बाजारातल्या सगळ्यात स्वस्त, कृत्रिम वस्तू अंगावर चढवून, मी यातलीच एक वस्तू आहे का, असं तिने विचारलं. दुकान आणि बंड एकाच वेळी कसं खरं असू शकतं, याचं पंकमधलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला तिच्यात दिसतं.

बिल कुणाच्या नावावर?

आता दुसरा प्रश्न, किंमत मोजण्याचा.

'सेक्स' दुकानात जॉर्डन या नावाने ओळखली जाणारी पामेला रूक काम करायची. ती समुद्रकाठच्या सीफर्ड गावाहून रोज ट्रेनने लंडनला यायची, दुकानातलेच कपडे घालून. डब्यात इतका गोंधळ व्हायचा, की रेल्वेवाले तिला पहिल्या वर्गात नेऊन बसवायचे. हा किस्सा गमतीचा वाटतो, पण रोज सकाळी डबाभर लोकांच्या नजरा, टोमणे आणि शिव्या अंगावर घेऊन कामावर जाणं ही गंमत नव्हे. १९७७ च्या उन्हाळ्यात राणीच्या राज्यारोहणाची पंचविशी साजरी होत असताना सेक्स पिस्टल्सचं राणीवरचं गाणं बीबीसीने बंद केलं. जूनमध्ये एका पबबाहेर जॉन लायडनवर धारदार हत्यारांनी हल्ला झाला. तेव्हा या कपड्यांना अर्थ होता तो असा: ते घालणाऱ्याला काहीतरी होऊ शकत होतं.

पण लोकांना चिडवणं हेच यशाचं माप धरलं, की एक स्वस्त रस्ता उघडतो. पंकने तोही धरला. सूझी सू, सिड व्हिशस आणि आणखी काही जणांनी नाझींचं स्वस्तिक अंगावर मिरवलं. वेस्टवुड-मॅक्लॅरेनच्या 'डिस्ट्रॉय' टी-शर्टवर ते मधोमध छापलेलं होतं. हे आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक नव्हे. ज्यांनी लंडनवर बॉम्ब टाकले आणि लाखो ज्यूंना गॅस चेंबरमध्ये मारलं, त्यांची ही खूण. ती घालणाऱ्यांचं आणि त्यांच्या चाहत्यांचं समर्थन ठरलेलं आहे: आम्ही नाझी नव्हतो, महायुद्धाच्या आठवणी उगाळत बसलेल्या आई-बापांच्या पिढीला आम्हाला डिवचायचं होतं.

पहिला भाग मी मान्य करतो. दुसरा भाग हिशोबात बसत नाही. त्याच वर्षांत नॅशनल फ्रंट हा वंशद्वेष्टा पक्ष इंग्लंडच्या रस्त्यांवर मोर्चे काढत होता. जून १९७६ मध्ये साउथॉलला गुरदीपसिंग छग्गर या अठरा वर्षांच्या शीख मुलाचा खून झाला. अशा शहरात गोऱ्या मुलीने दंडावर स्वस्तिक बांधलं, तर चिडतात आई-बाप आणि घाबरतो बसस्टॉपवर उभा असलेला कुणी दुसराच. फॅशन तिची, बिल त्याच्या नावावर. धक्का देणं आणि बंड करणं यातली रेषा मला इथे दिसते. बंडात किंमत आपण मोजतो. नुसत्या धक्क्यात ती बहुतेक वेळा दुसऱ्याकडून वसूल होते.

पंकच्या बाजूने सांगायची गोष्ट ही, की ही दुरुस्ती त्याच्या आतूनही झाली. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली आणि त्याला उत्तर म्हणून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिचा मोठा मेळा झाला. द क्लॅश, स्टील पल्स आणि पॉली स्टायरीनचा एक्स-रे स्पेक्स असे पंक आणि रेगेचे बँड एकाच स्टेजवर वाजले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या होत्या, की परक्या संस्कृतीची माणसं आपल्याला बुडवून टाकतील अशी भीती लोकांना वाटते. दक्षिण लंडनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या मुलांनी १९७९ मध्ये पंक बँड काढला आणि त्याचं नावच ठेवलं 'एलियन कल्चर'. या मुलांना परकं दिसण्यासाठी केस रंगवायची गरज नव्हती. त्यांच्या कातडीची किंमत ती आधीच मोजत होती. तरी त्यांनी पंक उचललं, कारण सोर्स उघडा होता.

काचेमागची फाटकी कापडं

१९७७ मध्येच, पंकच्या ऐन भरात, झँड्रा ऱ्होड्स या डिझायनरने मणी लावलेल्या सेफ्टी पिना आणि नीट शिवून घेतलेली भोकं यांचे उंची ड्रेस काढले. १९९४ मध्ये एका सिनेमाच्या प्रीमियरला एलिझाबेथ हर्ली व्हर्साचेचा काळा ड्रेस घालून आली. त्याच्या उघड्या बाजू मोठ्या सोनेरी पिनांनी जोडल्या होत्या. १९६० मध्ये कामगारांसाठी म्हणून बाजारात आलेला डॉक मार्टेन्सचा १४६० नंबरचा बूट पंक पोरांनी आपलासा केला होता. त्या कंपनीचे शेअर २०२१ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात आले. आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'पंक: केऑस टु कुट्युर' हे प्रदर्शन भरवलं. मूळ कपड्यांशेजारी नामवंत डिझायनरांचे कपडे, आणि सीबीजीबी या न्यूयॉर्कच्या पंक क्लबमधल्या बाथरूमची हुबेहूब प्रतिकृती. भिंतीवरच्या खरडणीसह सगळं होतं, फक्त वास सोडून.

या प्रदर्शनाला 'पंकचा अपमान' म्हणणं सोपं आहे. पण कपडे विकले गेले किंवा जपले गेले यात मला अपमान दिसत नाही. मला खटकतं ते वेगळंच. काचेमागच्या कपड्यापाशी उभं राहून माणूस कारागिरीचं कौतुक करतो आणि पुढे सरकतो. हे मलाही करता येईल, असं त्याला वाटायला हवं होतं. तेवढंच तिथे वाटत नाही. सोर्स बंद होतो आणि स्क्रीनशॉट उरतो.

याच्या अगदी उलट वाटणारी, पण माझ्या मते त्याच चुकीची दुसरी बाजू असलेली घटना २०१६ ची. पंकला चाळीस वर्षं झाली म्हणून लंडनमध्ये सरकारी वरदहस्ताखाली वर्षभर कार्यक्रम चालले होते. वेस्टवुड आणि मॅक्लॅरेनचा मुलगा जो कोरे याला त्याचा संताप आला. २६ नोव्हेंबरला, सेक्स पिस्टल्सच्या पहिल्या गाण्याच्या वाढदिवशी, त्याने थेम्स नदीत एका बोटीवर आपल्याकडचा पंकचा संग्रह पेटवून दिला. कपडे, रेकॉर्ड, बाहुल्या. या सगळ्याची किंमत पन्नास लाख पौंड असल्याचं तो सांगत होता. वेस्टवुड स्वतः तिथे हजर होती.

दृश्य जबरदस्त होतं, यात वाद नाही. पण प्रत्येक बातमीच्या मथळ्यात काय होतं? पन्नास लाख पौंड. ही आग मोठी ठरली ती लिलावातल्या बोलीच्या जोरावर. त्या टी-शर्टवर दहा पौंडांचं लेबल असतं तर कॅमेरे आले नसते. म्युझियम म्हणतं हे कपडे अनमोल आहेत, म्हणून जपू. कोरे म्हणतो हे अनमोल आहेत, म्हणून जाळू. कपड्यातच पंक भरलेलं आहे, हे दोघांनाही मान्य आहे. शिवणाच्या डब्यातून पिना काढणाऱ्या पोराला दोघांच्याही गोष्टीत जागा नाही.

आता पुन्हा त्या अ‍ॅपवरच्या जीन्सकडे येऊ, कारण पहिला प्रश्न तिथे शब्दशः विचारता येतो. हे भोक पाडलं कुणी? नवी जीन्स जुनी, घासलेली दिसावी म्हणून कारखान्यात वर्षानुवर्षं सँडब्लास्टिंग करत. पाइपमधून दाबाने वाळू कापडावर मारायची. त्या वाळूतली सिलिका बारीक धूळ होऊन कामगाराच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. दगडखाणीतल्या माणसांचा हा आजार तुर्कस्तानात जीन्सच्या कारखान्यांत काम केलेल्या तरुण पोरांमध्ये सापडू लागला, माणसं दगावली, आणि २००९ मध्ये तिथल्या सरकारने या कामावर बंदी घातली. पुढच्या वर्षी काही मोठ्या कंपन्यांनीही आपण ही पद्धत सोडत असल्याचं जाहीर केलं. काम दुसऱ्या देशांकडे सरकलं, आणि हळूहळू लेझरही आला.

पंक पोराने स्वतःची पँट फाडली तेव्हा टोमणे त्याने खाल्ले. दुकानातून फाटकी आलेली पँट आपण घालतो तेव्हा आपल्याला टोमणे बसत नाहीत. फार तर आजी विचारते, पैसे देऊन फाटकी आणलीस का. खरी किंमत कुणीतरी आधीच, आपल्या नजरेआड मोजलेली असते. दोन्ही पँटी एकसारख्या दिसतात. म्हणूनच नुसत्या दिसण्यावरून बंड ओळखता येत नाही.

अख्ख्या कपड्याचं बंड

हे दोन प्रश्न लंडनबाहेर नेले तरी चालतात का, हे तपासायला हवं.

डिसेंबर २०११ मध्ये इंडोनेशियाच्या आचे प्रांतात, बांदा आचे शहरात, पोलिसांनी एका पंक कार्यक्रमावर छापा घातला आणि साठहून जास्त पोरापोरींना उचललं. गुन्हा कोणताच नोंदवला नाही. मुलांचे मोहॉक भादरले, मुलींचे केस कापले, साखळ्या आणि कपडे काढून घेतले, तळ्यात आंघोळ घातली आणि दहा दिवस पोलीस प्रशिक्षण केंद्रात ठेवून 'सुधारणा' केली. त्याच साखळ्या माझ्या अ‍ॅपवर 'कॉलेज फेस्टसाठी उत्तम' म्हणून मिळतात. वस्तू तीच. एका ठिकाणी ती घालणाऱ्याला दहा दिवस कोंडतात, दुसऱ्या ठिकाणी दहा टक्के सूट देतात.

आणि या कसोटीची आपल्याकडे सगळ्यात कठोर परीक्षा होते. पंकचं फाटकं एका गृहीतकावर उभं आहे: घालणाऱ्याला अख्खं घालायची मुभा होती, आणि त्याने ती नाकारली. ज्यांना ती मुभाच नव्हती त्यांचं काय? मनुस्मृतीत चांडाळांनी प्रेतांवरचे कपडे वापरावेत असं लिहून ठेवलेलं आहे. फाटकं, उतरलेलं, गुडघ्यापर्यंतचं नेसणं ही आपल्याकडे शतकानुशतकं काही माणसांवर लादलेली खूण होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, जिथे मनुस्मृती जाळली गेली, तिथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं, की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते सोडा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा. अनेक जणींनी ते लगेच अमलात आणलं. बाबासाहेबांचा स्वतःचा नीट इस्त्रीचा सूट आपण पुतळ्यांमध्ये इतक्या वेळा पाहिलाय, की त्यातली धग आपल्याला जाणवेनाशी झाली आहे.

याला पंक म्हणावं असं मी सुचवत नाही. त्या घटनेला कुठल्याही परक्या बिरुदाची गरज नाही. पण ती पंककडे पाहायची नजर बदलते. एकीकडे फाडणं बंड, दुसरीकडे अख्खं नेसणं बंड. कुणी काय घालायचं हे ज्या समाजात ठरलेलं असतं, तिथे कुणीतरी ते ठरवून मोडतं आणि त्याचे परिणाम स्वतःच्या अंगावर घेतं, एवढंच दोन्हींत समान आहे. चांगले कपडे घातले, मिशा राखल्या, घोड्यावरून वरात काढली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. त्या बातमीतल्या शर्टाचा फोटो कुठल्याही म्युझियमने मागितलेला नाही.

माझ्यासारख्यांच्या आयटी ऑफिसात आता काहीही घालून जाता येतं. निळे केस, नाकात रिंग, फाटकी जीन्स, खिळ्यांचं जाकीट. 'जसे आहात तसे या' असं भिंतीवर लिहिलेलंही असतं. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आधीच्या पिढीने टायसाठी खाल्लेली बोलणी मला खावी लागत नाहीत, याचा मला आनंदच आहे. फक्त ही मोकळीक आहे, बंड नाही, हे ओळखलेलं बरं. ऑफिसला कशाने फरक पडतो हे पाहायचं तर कपड्यांऐवजी दुसरीकडे पाहायला लागतं. गळ्यातलं आयडी कार्ड काढून फिरता येत नाही. आणि स्वतःचा पगार शेजारच्याला मोठ्याने सांगून पाहा, कोणत्याही मोहॉकपेक्षा जास्त माना वळतील.

मग पंक फॅशनचं करायचं काय? आवडत असेल तर खुशाल घाला. स्वतःला हवं तसं दिसण्यात आनंद आहे आणि आनंदाला कारण लागत नाही. पण त्यातलं जे अजून जिवंत आहे ते हवं असेल, तर ते तुमच्या घरातल्या पिनांच्या डबीत आहे. जुना शर्ट घ्या, तो फाडा किंवा उसवलेला असेल तर शिवा, वर जे म्हणायचंय ते मार्करने लिहा. जे लिहाल त्याचं बिल दुसऱ्या कुणाच्या नावावर फाटणार नाही, एवढं आधी पाहून घ्या. मग तो घालून जिथे तसं चालत नाही तिथे जा. आणि कुणी विचारलं, की हे कसं केलं, तर त्याला सांगा.